पदवीपर्यंतचा शब्द

मोठ्या विद्यापीठाच्या नोकरी देऊ करणाऱ्या त्या पत्राला प्रशिक्षक व्हर्लिन स्टाउफरने उत्तरच दिलं नव्हतं. ऐंशी हजार प्रेक्षकांचं मैदान, पाचपट पगार, दिमतीला विमान. पण ओहायोतल्या आपल्या लहानशा कॉलेजच्या फुटबॉल संघासाठी त्याच हिवाळ्यात त्याने नऊ मुलं निवडली होती. प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून जेवला होता आणि आईला शब्द देऊन आला होता, "पोराला पदवी मिळेपर्यंत मी कुठेही जात नाही."

आज, पाच वर्षांनी, त्या नवांतल्या शेवटच्या मुलाला पदवी मिळाली. त्या मोठ्या विद्यापीठाने मधल्या काळात दोन प्रशिक्षक घालवले होते आणि कालच पुन्हा विचारणा केली होती.

"सुटलास बाबा एकदाचा!" बायको लोरीन म्हणाली. "आता तरी हो म्हण. की परत घाबरलास?"

"घाबरलोही असेन," व्हर्लिन पुटपुटला आणि लिहायला बसला. त्याने पुढे केलेला कागद तिने वाचला.

'आभारी आहे. पण त्यानंतरच्या हिवाळ्यांत आणखी एकतीस आयांच्या हातचं जेवलो आहे.'

लोरीनने कागदाची घडी करून पाकिटात घातली. मग तिने पाकिटावर तिकीट चिकटवलं आणि स्वतःच जाऊन ते पेटीत टाकलं.