अकरा बदाम

"बदाम चुकून पडत नाय," मंगेश म्हणाला. "अंगठा चुकून पडतो, ते मी मान्य करतो. पण बदामाला बोट दाबून धरावं लागतं. मग वर चित्रं येतात, त्यातनं निवडावा लागतो. म्हंजे ठरवून दिलाय."

सोमजाईच्या देवळात वरच्या वाडीची गावकी बसली होती. मंगेशची एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, म्हणून बैठक सकाळीच. त्याने मोबाईल आबाजींच्या हातात दिला. आबाजी गावकीचे प्रमुख. त्यांनी चष्मा लावला, तरी मोबाईल हातभर लांबच धरला.

फोटोत खालच्या वाडीचा सुनील होता. नवा शर्ट, गॉगल, बाजूला बैल. खाली वरच्या वाडीतल्या सोनबाचं नाव आणि लालभडक बदाम. असे अकरा फोटो आणि अकरा बदाम.

शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारी न्यायची, यावरून दोन वाड्यांचं फाटलं होतं. तेव्हापासून खालच्या वाडीत पाऊल टाकायचं नाही, त्यांचं पाणी प्यायचं नाही, त्यांच्या लग्नात जेवायचं नाही. गेल्या महिन्यात वाडीच्या मुंबईकरांनी त्यात लाईकबंदीचीही भर घातली. देवीचा कौल घेऊन केलं म्हणतात. कौल घेताना गावातलं कोणीच हजर नव्हतं.

"सोनबा, हे तू केलंस?"

"होय."

"सुनीलला बदाम दिलास?"

"सुनीलला नाय. बैलाला दिला."

दोघंतिघं हसले. सोनबा हसला नाही. तो चांद्या बैल त्याचाच होता. दोन वर्षांमागे गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्याने स्वतः तो सुनीलला विकला होता.

"चार दिवसांचा होता तेव्हा त्याची आय मेली," सोनबा म्हणाला. "मी नि बायकोनं बाटलीनं दूध पाजलं त्याला. आधी चार दिवसांनी जाऊन हात फिरवून यायचो. आता तुम्ही जाऊ देत नाय. मग बघायचा कसा?"

"बघ ना. बघायला कोण नको म्हणतंय?" मंगेश म्हणाला. "आणि द्यायचाच होता तर अंगठा द्यायचा, काका. बदाम कशाला?"

"बैलाला अंगठा दाखवू?"

आता आबाजी बोलले, आणि फार गोड आवाजात बोलले. "नूतनचं लग्न पंधरा दिवसांवर आलंय ना रे, सोनबा? मांडवाला माणसं पायजेत ना?"

नूतन सोनबाची थोरली नात. गावकी आली नाही तर मांडवाला बांबू कोण धरणार, पंगतीत कोण वाढणार, हे सोनबाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो उठला आणि देवळाच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला. वाडीत रेंज तेवढ्या एकाच पायरीवर येते.

मंगेशने दाखवलं तसा तो एकेक बदाम काढू लागला. द्यायला बोट दाबून धरावं लागत होतं. काढायला नुसतं टेकवलं की पुरे. शेवटच्या फोटोत चांद्या तोंडात पेंढा धरून थेट त्याच्याकडे बघत होता. सोनबाला रडू आलं. सगळ्यांसमोर रडायची लाज वाटली म्हणून त्याने मोठ्याने नाक शिंकरलं आणि तोही बदाम काढला.

चहा आला. गावकी मोठ्या मनाने मांडवाच्या बांबूंवर बोलू लागली. कप अर्धे झाले असतील नसतील, तोच उतारावरून घुंगरांचा आवाज आला.

सुनील बैल घेऊन येत होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, पायात चप्पल नाही. शिमग्यापासून खालच्या वाडीतलं कोणी दोन वाड्यांमधला वहाळ ओलांडून आलं नव्हतं.

"काका," तो धापा टाकत म्हणाला, "अकराच्या अकरा बदाम काढलेत. बैलात काय खोट दिसली? परवापासनं वैरण कमी खातोय. ते फोटोतनं कळलं तुमाला?"

सोनबा बैलापाशी पोचलाही होता. त्याने चांद्याचा जबडा उघडला, जीभ धरून बाजूला केली, आत बोट घातलं आणि जिभेखाली रुतलेलं बोटभर कुसळ बाहेर काढलं. चांद्याने मान झाडली आणि त्याचं सगळं मनगट चाटून ओलं केलं.

गावकी चहा विसरून बघत होती. आबाजींना मात्र एक गोष्ट उलगडत नव्हती.

"बदाम बैलाला होते, हे तुला ठाऊक होतं?"

"नसायला काय झालं?" सुनील म्हणाला. "माझ्या एकट्याच्या फोटोला काकांनी कधी अंगठासुद्धा दिला नाय."

"मग तू फोटोत कशाला उभा ऱ्हातोस?"

सुनीलने बटणांकडे पाहिलं. एक काढून नीट लावलं.

"बाजूला उभं ऱ्हायलं की थोडा बदाम आपल्यालाबी लागतो."

मंगेशला कर्तव्याची आठवण झाली. "वहाळ ओलांडलाय यानं. पुरावा पायजे," म्हणत त्याने मोबाईल काढला. सोनबा, सुनील आणि मध्ये चांद्या, सगळे फोटोत बसावेत म्हणून तो दोन पावलं मागे सरला आणि सवयीने म्हणून गेला, "जरा इकडं बघा."

आबाजी ताडकन उठले. आता हे मंगेशला थांबवणार, असं सगळ्यांना वाटलं.

त्यांनी टोपी सारखी केली, अंगातला सदरा खाली ओढला आणि बैलाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.