लिंबाचं झाड हलवताना

मुलगा स्टुलावर उभा राहून मागच्या खोलीच्या खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबत होता आणि आई खाली उभी राहून त्याच्याकडे बघत होती. काम चोख चाललं होतं. इतकं चोख, की तिला त्याचाच संशय येत होता.

“वापरात नसलेली खोली तापवायचीच नाही, आई. आपण बसतो तिथेच ऊब धरून ठेवायची. दार बंद, पडदे दिवस मावळायच्या आत ओढायचे. निम्म्या सरपणात भागतं बघ.”

“वापरात नाही कशी? माझी रोपं असतात इथे.”

“ती नेतोय ना पुढच्या खोलीत, शेगडीपाशी.”

वरची खोली त्याने अशाच गोड बोलण्याने थंडीच्या तोंडावर बंद केली होती. मग कोठीची. आता ही. म्हणजे तिच्याकडे उरली शेगडीची एकच खोली. एरवी सणासुदीलाही तोंड न दाखवणारा मुलगा हल्ली सुट्टी मिळाली की हातोडी घेऊन हजर होतो, बायकोलाही आणतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे कळायला ज्योतिषी लागत नव्हता.

सून कुंड्या उचलून पुढे नेत होती. “आई, थंडीत पाणी कमी घालत जा हं. सकाळी ऊन वर आल्यावर, थोडंसंच. नाहीतर मुळं कुजतात.”

“हो का?” आई म्हणाली. जन्मभर रोपवाटिका चालवलेल्या बाईला हे ऐकावं लागत होतं. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय!

ती मागच्या दारात गेली. मुलाने आणलेलं सरपण भिंतीला लावून रचलं होतं. दरवर्षी ते खिडकीला टेकायचं. यंदा जेमतेम गुडघ्याएवढं. एकच खोली तापवायची म्हटली तरी ते निम्म्या थंडीतच संपलं असतं. या घराच्या अंगणातली माती तिने टोपलीटोपलीने आणून घातली होती. तिला इथेच मरायचं होतं, आणि त्याआधी बरीच वर्षं इथेच जगायचंही होतं.

“सरपण कमी आणलंस,” ती आत येऊन म्हणाली.

“आणू की लागेल तसं.”

“मला कुठे नेणार-बिणार नाही ना तुम्ही?”

“छे! काहीतरीच काय!” मुलगा खिडकीला म्हणाला.

“यंदा थंडी कमीच आहे म्हणतात, आई,” सून म्हणाली.

विचारलं एक, उत्तर भलतंच. दोघं ताकास तूर लागू देतील तर शपथ.

“अहो ताई!” कुंपणापलीकडून शेजारच्या शिंपीणकाकूंची हाक आली. चिंध्या त्यांच्याच दुकानातल्या. “पुरल्या का चिंध्या? आणि एक विचारायचं होतं. आमचं ते लिंबाचं झाड शिवणाच्या खिडकीवरचं सगळं ऊन अडवतं. गारठ्याने बोटं आखडतात हो माझी. चांगलं मोठं झालंय, पण हलवलं तर जगेल का?”

आईने तोंड उघडायच्या आत स्टुलावरून उत्तर गेलं. रोपवाटिकेत लहानाचा मोठा झालेला तो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं.

“जगेल की, काकू! फक्त घाई करायची नाही. एकदम उपटलं तर मरतं. आधी एका बाजूला चर खणायचा, तेवढीच मुळं तोडायची. मग काही दिवस तिकडे फिरकायचं नाही. झाड सावरलं की दुसरी बाजू. मग तिसरी. असं करत करत ते सगळीकडून सुटतं. झाडाला कळतसुद्धा नाही. मग एके दिवशी नुसतं...”

तो थांबला. चिंधी हातातच राहिली.

“नुसतं काय?” काकूंनी विचारलं.

सून दारात कुंडी धरून उभी होती.

“नुसतं उचलायचं, काकू. अलगद येतं,” आईने वाक्य पुरं केलं. आवाज चढला नव्हता. मग ती स्टुलाजवळ आली आणि मान वर करून मुलाकडे बघू लागली.

“छान सांगितलंस. एवढ्या वर्षांनी एक शब्द चुकला नाहीस. फक्त एक गोष्ट राहिली. झाडाला हात लावायच्या आधी नव्या जागी खड्डा तयार ठेवायचा असतो. तो खणून झालाय का रे?”

मुलाने उत्तर द्यायच्या आधी सुनेकडे पाहिलं.