दगडावरचा एक

पुष्पावतीबाईंनी पुन्हा बोटं मोजली. गावातून लढाईवर गेलेल्या एकवीसच्या एकवीस माणसांचा माग लागला होता, आणि एकवीसच्या एकवीस जिवंत घरी परतली होती. चावडीच्या भिंतीतला दगड मात्र सांगत होता की एक जण गेला. उद्या सव्वीस जानेवारी. त्या एकाच्या घरच्यांना नारळ आणि शाल द्यायला मामलेदार साहेब येणार होते.

बाई मूळच्या संगमनेरच्या. सोनईजवळच्या या गावात लग्न होऊन आल्या आणि इथल्याच शाळेत शिकवू लागल्या. दगडावरची अक्षरं इंग्रजी, त्यामुळे येता-जाता त्याला पाठ टेकण्यापलीकडे गावानं त्याचं काही केलं नव्हतं. महिन्यापूर्वी बांगलादेशची लढाई जिंकल्याचे पेढे चावडीपुढं वाटले, तेव्हा बाईंनी तो सहज वाचून दाखवला. पहिल्या महायुद्धावर या गावातून एकवीस माणसं गेली, त्यांतल्या एकानं प्राण दिले. नाव मात्र कुणाचंच कोरलेलं नव्हतं. लोक पेढा तोंडात धरून ऐकत राहिले. सरपंच काकासाहेबांची छाती फुगली. शेजारच्या गावाचं देऊळ मोठं होतं, विहिरींना पाणीही जास्त होतं, पण शहीद काही त्यांच्याकडे नव्हता. आपला शहीद कोण, ते शोधायचं काम त्यांनी बाईंवर सोपवलं आणि लगोलग मामलेदारांना आमंत्रण धाडलं.

शाळा सुटली की बाई घरोघर हिंडू लागल्या. त्यांना वाटलं होतं, रडणी ऐकावी लागतील. झालं उलटंच. एकाच्या आज्यानं बसऱ्याहून खजुराच्या बिया आणल्या होत्या आणि त्यातलं एक झाड अजून मळ्यात उभं होतं. एकानं चहाची सवय आणली आणि पहिल्या दिवशीच आईचं सगळं दूध संपवलं. एक जण मरेपर्यंत बैलांना इंग्रजीत हुकूम सोडायचा. बैलांना ते कळायचे, पोरांना नाही. सांगता सांगता माणसं खुलायची, शेजारचे येऊन भर घालायचे. बाई रोज हसतच घरी यायच्या.

त्या एकवीसांतल्याच पुंजारामच्या घरी मात्र फार काही मिळालं नाही. त्याचा थोरला मुलगा छगन म्हणाला, बा लढाईवर गेला, माघारी आला, जन्मभर शेती केली आणि म्हातारपणी अंथरुणात गेला. लढाईचं घरात कधी बोलला नाही. आईला माहीत असेल, पण ती नातीच्या बाळंतपणाला दिवाळीपासून सुप्याला गेलेली. एवढं ऐकून बाई पुढच्या घराकडं वळल्या.

सगळे परत आले हे कळल्यावर काकासाहेब खाली बसले. गावची एवढी माणसं वाचली म्हणून वाईट वाटलेला तो पहिलाच माणूस असावा. मग चावडीच्या ओट्यावर वेगळाच बाजार भरला. त्या एकवीसांतल्या एकाचा नातू आसाराम म्हणाला, शहीद म्हणून आमचा आजा घ्या. तो उसात साप चावून गेला होता, पण पायात बूट पलटणीतलेच होते. बाईंनी हात जोडले. दगड चुकला आहे, तेच साहेबांना खरंखरं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. मांडव भरला होता. साहेब उठले आणि म्हणाले, शहिदाच्या घरच्यांनी पुढं यावं. कुणी हललं नाही. काकासाहेब उपरण्यानं घाम पुसू लागले. दगडाची चूक सांगायला बाई उभ्या राहिल्या.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठली. ती छगनची आई, गोजरबाई. सकाळच्याच एसटीनं ती सुप्याहून आली होती. तिनं पदर सावरला आणि मागं वळून छगनला हाक मारली. छगनला काही उमगेना, पण आईनं बोलावलं म्हणून तो उठला. मग त्याचे भाऊ उठले, बहिणी उठल्या. सुना, जावई, नातवंडं, कडेवरची पतवंडं. अर्धा मांडव उठून साहेबांपुढं उभा राहिला.

बाई घाईनं तिच्याजवळ गेल्या. "आजी, तुमचे मालक तर परत आले होते ना?"

"आले ना. पर दगडावरचा त्यो एक म्हंजी छगनचा बाच."

मग तिनं साहेबांनाच सगळं सांगितलं. तिचा मालक तुर्कांच्या कैदेत सापडला होता. तो मेल्याची खबर गावात आली. त्याच्या आईनं रडून रडून दहावं-तेरावं केलं, सरकारनं दगड बसवला. आणि पुढच्या उन्हाळ्यात एका भर दुपारी तो खांद्यावर घोंगडी टाकून वेशीतून चालत आला. सख्खी आई भूत समजून ओरडत पळाली. दोन दिवस ती त्याला लांबूनच भाकर देत होती. तिसऱ्या दिवशी गळ्यात पडली आणि पुरणपोळी केली. गोजरबाईचं त्याच्याशी लग्न झालं ते त्याच्याही नंतर.

साहेबांनी समोरच्या गर्दीवर नजर फिरवली. शहिदाचा एवढा मोठा संसार त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांना हसू आवरेना. मांडवही हसू लागला, आणि सगळ्यात मोठ्यानं काकासाहेब. हसू ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, मग एवढी वर्षं दगड दुरुस्त का करून घेतला नाही?

"पाटील म्हनले हुते, बदलून घेऊ," गोजरबाई म्हणाली. "पर ह्येच नको म्हनले. एकवीस गेली आन् एकवीस माघारी आली आसं लिवलं, तर सरकार म्हनंल, हितली मानसं लई चिवट हायेत. पुढच्या लढाईला समदं गावच घेऊन चला."