तेलाचा डाग

शहापुरातली खोली सोडल्यावर समता डिपॉझिट न्यायला आली, तर घरमालकीण कांताआक्कांनी त्यातनं रंगाचे पैसे कापले. "भिंतीला तुझ्या डोक्याचं तेल लई लागलं हुतं गं. सकाळीच रंग मारून घेतला." समता भांडली नाही. राहायला आली त्या दिवशीच तिनं सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवले होते. त्यातला एक तिनं आक्कांपुढं धरला. फोटोत तोच डाग होता, आणि त्याला डोकं टेकून आक्कांचे यजमान भुजबलीअण्णा हसत किल्ली देत होते. अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. "भिंतीला टेकू नका, तेल लागतंय" म्हणून आक्का जन्मभर त्यांच्यावर खेकसल्या होत्या. त्यांनी कापलेले पैसे समताच्या हातावर ठेवले. ती जिन्यापर्यंत गेली, तेव्हा मागनं आवाज आला. "पोरी, डाग तर मीच पुसला. तेवढा फोटो मला पाठवतीस काय?"