पहिलं कुलूप

अभिरामने घरातल्या सगळ्यांच्या आठवणी एकत्र जुळवणाऱ्या यंत्रणेत परवानगीचा नवा पर्याय घातला आणि पहिलं कुलूप आपल्याच आठवणीला लावलं: सासूबाईंच्या मचमच खाण्याची त्याला आलेली किळस. आजवर घरात सगळ्यांचं सगळ्यांना दिसे. पण सासूबाई कुठे उघडून बघतायत, असं तो धरून चालला होता.

“आई, आता आपलं कुणाला दिसावं ते आपणच ठरवायचं,” जेवायला बसताना तो ऐटीत म्हणाला.

“बरं केलंत, जावईबापू. माझंही एक झाका. दिवाळीत तुमचं ते बघून मी रडले होते. लेकीला दिसायला नको.”

अभिरामची मान वर होईना. दिवाळीपासून रोज नेत, तसंच सासूबाईंनी आपलं ताट स्वयंपाकघरात नेलं आणि खाण्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.