राहिलेली पाकळी

एकाच घरातल्या दोघी जावा आपापल्या कॉम्प्युटरवर कापडावर छापायची नक्षी काढायच्या. थोरली आपली नक्षी नीट घोटून कारखान्यात घेऊन गेली, की मालक म्हणायचे, "अहो, अगदी अशीच कालच तुमच्या जाऊबाईंनी दिली. काय डोकं आहे हो त्यांचं!" थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. या बयेला माझ्या आधी सुचतं तरी कुठून?

शेवटी तिने एक प्रोग्राम मिळवला. दिसायला कॉम्प्युटरची साफसफाई करणारा, आतून चोरदरवाजा. धाकटीचा अख्खा स्क्रीन थोरलीला आपल्या खोलीत बसून दिसणार.

"तुझा कॉम्प्युटर रखडतो ना गं? हे टाकून देते, सगळा कचरा निघेल."

"ताई, किती करता माझं!" धाकटी विरघळलीच. "मी तुमच्या स्क्रीनवर ते छोटं घड्याळ काय टाकून दिलं, तुम्ही त्याची अशी फेड केलीत!"

दुसऱ्या दिवशी थोरलीने सूर्यफूल काढायला घेतलं. एक पाकळी उरली आणि तिला राहवेना. फूल तसंच सोडून तिने चोरदरवाजा उघडला. धाकटीच्या स्क्रीनवर सूर्यफूल होतं. हुबेहूब तेच, आणि त्यालाही एकच पाकळी कमी.

थोरलीची नजर आपल्या स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या घड्याळावर गेली. ते इमानेइतबारे चालत होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे, कामाच्या तंद्रीत, धाकटीच्या तोंडून निसटलं, "ताई, थांबलात का हो? एकच तर पाकळी राहिलीय!"