बापावर गेलेली

लेकीला बघून जो तो म्हणायचा, "अगदी बापावर गेलीये." नाक त्याचं, कुरळे केस त्याचे, झोपेत भुवई उडवणंसुद्धा त्याचंच. पोटात वाढवली मी आणि माझं म्हणून तिच्यात काहीच नाही! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

चार वर्षांची झाली तरी बोलेना, म्हणून तिघांचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, "तिच्या एका जनुकात बदल आहे, त्यामुळे मेंदूची वाढ वेगळी होतेय. तो आईकडून आलाय."

दवाखान्याच्या जिन्यातच सासूबाईंचा फोन आला. माझा हात घट्ट धरून नवरा म्हणाला, "हो आई, कारण सापडलं. माझ्याकडूनच आलंय."

मी हात झटकला. लेकीत एवढी एकच गोष्ट माझी होती. तीही यानेच घेतली.